चिवड्याची चोच आणि माझ्या हातातलं नेलकटर

तर झालं असं की मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी मी डाव्या हातात रुमालात गुंडाळलेला चिवडा आणि उजव्या हातात नेलकटर घेऊन गॅलरीत बसले होते. चिवडा म्हणजे खायचा नाही, आमचा बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट, पिवळा-हिरवा, वय चार वर्षं, आणि नाशिककरांच्या घरात पिवळ्या रंगाच्या कुठल्याही गोष्टीचं नाव चिवडा पडू शकतं त्यामुळे त्याबद्दल काही बोलू नका, नाव लेकीने ठेवलंय. त्याची वरची चोच चांगलीच लांब झाली होती, टोक खाली गळ्याच्या पिसांना टेकत होतं, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू म्हणाल्या की आमच्या भावाकडे पण होते लव्हबर्ड, तो सरळ नेलकटरने टोक उडवायचा, काही होत नाही.

मी नेलकटर चोचीजवळ नेलं आणि मग थांबले. शहाणपणा वगैरे काही नाही, उजेडाकडे धरल्यावर त्या टोकाच्या आत काहीतरी गडद दिसलं आणि पोटात गोळा आला. ते गडद म्हणजे काय हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे काही कळलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण मला वेळेवर कुणी सांगितलं नाही आणि लव्हबर्ड घेतलेत का गं तू असं विचारणारी मैत्रीण आता दर महिन्याला एक तरी भेटते.

आधी ते लव्हबर्डचं मिटवून टाकू. आपल्याकडे बजीलाच सगळे लव्हबर्ड म्हणतात, दुकानदार पण. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. बजी ऑस्ट्रेलियातला, लांब शेपटी, मानेवर लाटालाटांच्या काळ्या रेघा, वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. आपला हिरवा रानपोपट मात्र यातला नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पिंजऱ्यात ठेवता येत नाही, हे एकदा आमच्या मामांनाही सांगावं लागलं होतं.

आता चोच. मला वाटायचं चोच म्हणजे नखासारखं काहीतरी, मेलेलं. म्हणून तर नेलकटर. प्रत्यक्षात बाहेरचा थर फक्त नखासारखा, केराटिनचा, तो आयुष्यभर वाढत राहतो. त्याच्या आत हाड आहे, हाडाभोवती रक्तवाहिन्या आणि नसा आहेत, आणि पोपटाच्या जातीत टोकापाशी तर स्पर्श कळणारे असे बारीक बारीक सेन्सर असतात की ते टोक म्हणजे जवळजवळ आपल्या बोटाचं पेर समजा. नव्या वस्तूला हे लोक आधी चोच लावून बघतात ते चावायला नाही, हात लावून बघायला. आमच्या घरी पाहुणे आले की चिवडा त्यांच्या बोटाला हळूच चोच टेकवतो आणि ते किंचाळून हात मागे घेतात, मग तो पण घाबरून खरंच चावतो, आणि मग "चावरा आहे हो तुमचा पक्षी" असं सर्टिफिकेट मिळतं.

आणि वरची चोच हलते बरं का. कवटीला तिथे बिजागरीसारखा सांधा असतो. कधी जांभई देताना नीट बघा, खालची खाली जाते आणि वरची चक्क वर उचलली जाते.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे दाणा सोलणं. कांगेचा एक दाणा, मोहरीपेक्षा थोडा मोठा, तो उचलतो, जाड गुबगुबीत जिभेने फिरवून वरच्या चोचीच्या आतल्या कंगोऱ्याला टेकवतो, खालच्या चोचीने कड दाबून साल फोडतो, साल खाली, दाणा आत. एक सेकंद पण लागत नाही. आई सुपात पाखडते तेव्हा जेवढी सफाई असते तेवढीच, फक्त हातांशिवाय. पण यातच एक घोळ आहे आणि तो आम्ही केलाय. आम्ही दोन दिवस वणीला गेलो, शेजारी किल्ली दिली, सांगितलं वाटी रिकामी झाली की भरा. परत आलो तर वाटी शिगोशिग भरलेली आणि दोघं पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात. वाटीत नुसती फोलपटं होती! बजी सालं वाटीतच टाकतो, लांबून बघितलं तर वाटी भरलेलीच दिसते. शेजारच्यांची काय चूक, मीच सांगायला हवं होतं. इतका छोटा जीव एक-दीड दिवस उपाशी राहिला तरी संपू शकतो, त्यामुळे आता घरात नियम आहे, वाटीवर आधी फुंकर मारायची मग बोलायचं.

चढायला तर चोच म्हणजे तिसरा पाय. नुसती उपमा नाही ही, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी खऱ्या लव्हबर्डांवर प्रयोग करून मोजलं होतं, उभ्या चढावर पक्षी चोचीने शरीर वर ओढतो तो जोर पायाइतकाच असतो. आमची निळू पिंजऱ्याच्या सळ्यांवरून वर जाते तेव्हा चोच, डावा, उजवा, चोच, डावा, उजवा असा ताल असतो, लेक त्यावर टाळ्या वाजवते.

निळूबद्दल सांगायचं राहिलं. निळू ही आकाशी रंगाची, "जोडी घ्या ताई, हा नर ही मादी" असं म्हणून दुकानात दिलेली, त्यात दुकानदाराच्या मते निळू नर होता. घरी आल्यावर वर्षभरात त्या नराने चिवड्याला मारून मारून पिंजऱ्याचा ताबा घेतला तेव्हा शंका आली. बजीत नर-मादी ओळखायची खूण चोचीच्या मुळाशी जी फुगीर पट्टी असते, जिच्यात नाकपुड्या असतात, तिच्यात. तिला सिअर म्हणतात, आमच्या घरी नाकच म्हणतात. मोठ्या नराचं नाक निळं, मादीचं पांढरट, फिकट तपकिरी. पण पिल्लं असताना फसवाफसवी होते, लहान मादीचं नाक पण फिकट निळसर दिसतं, फक्त नाकपुड्यांभोवती पांढरी कडी असतात, आणि नर पिल्लाचं एकसारखं गुलाबी-जांभळट असतं. म्हणजे आपण निळं बघून नर म्हणतो आणि ती निघते मादी. आणि पूर्ण पिवळे, पूर्ण पांढरे असे काही प्रकार आहेत त्यांच्यातल्या नरांचं नाक तर जन्मभर गुलाबी-जांभळंच राहतं. नावं बदलली नाहीत, निळू हे नाव दोन्हीकडे चालतं हे एक बरं.

मादीची चोच म्हणजे सुतारकाम. ऑस्ट्रेलियात या माद्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात, ढोल आतून कोरून नीट करायचं काम मादीचं, ती हौस पिंजऱ्यात कुठे जाणार. निळूने कालनिर्णयच्या जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या कडा इतक्या एकसारख्या कातरल्या होत्या की सासूबाई म्हणाल्या झालर लावलीस का गं. एकादशी कधी आहे ते दिसेना. लाइटबिल, शाळेची सर्क्युलरं, भिंतीचा रंग, सगळं. भिंतीवर मात्र मी ओरडते कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचा मुलामा असतो, तो कुरतडून पोटात गेला तर विषबाधा होते. आमचा पहिला पिंजरा तसलाच होता, वेल्डिंगवाल्याकडून हौसेने करून घेतलेला, तो आता कुंड्या झाकायला आहे.

बाकी मग चोचीने पिसं विंचरणं, शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते तिथलं तेल चोचीला लावून पिसांना फासणं, फळ खाल्लं की चोच दांडीला (नाहीतर माझ्या ओढणीला) पुसणं, हे दिवसभर चालूच. नराने मान वरखाली करत चोचीतून दाणे काढून मादीला भरवणं हे प्रेम. आरशाला भरवणं हे एकतर्फी प्रेम, त्यासाठी आरसा काढून टाकलाय. पण मान झटकून झटकून उलटी आली, डोक्यावरची पिसं चिकट ओली झाली, तर ते प्रेम नाही, आजार आहे. हा फरक नीट लक्षात ठेवा.

आणि रात्रीचा तो आवाज. पिंजऱ्यावर चादर टाकली की पाच मिनिटांनी कुरर्र कुरर्र, कुणीतरी लांब कुठेतरी पाट्यावर काहीतरी वाटतंय असा. पहिल्यांदा मला वाटलं किडा लागला लाकडाला. ते चोच घासतात, खालची वरच्या कंगोऱ्यांवर, झोप आली आणि सगळं ठीक आहे असं वाटलं की.

तर एवढं सगळं करणारी चोच वापराने झिजत राहते, वाढ आणि झीज बरोबरीत राहते, म्हणून रानातल्या बजीला नेलकटर लागत नाही. मग चिवड्याची का वाढली? मला वाटलं झिजायला काही नाही म्हणून. माझं पहिलं लॉजिक हेच होतं आणि इथेच मी दोन महिने घालवले.

झिजवायला काय द्यावं तर आधी पिंजऱ्यातल्या प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढल्या. माझ्या मावसभावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात, इंटरनेटवर वाचलं होतं की द्राक्षाचं लाकूड पक्ष्यांना चांगलं. त्याला फोन केला की दादा एक पिशवी काड्या आण. तो म्हणाला, "अगं वेडी का, वर्षभर फवारे चालू असतात त्यावर, बोर्डोचं बुरशीनाशक मारतो, छाटणी झाली की काडीवरचे डोळे फुटायला डॉर्मेक्स लावतो, आम्ही हातमोजे घालून करतो ते काम, आणि तू पाखरांना चावायला देतेस?" लाकूड चांगलं असेल हो पण ते परसातल्या बिनफवारणीच्या वेलाचं. नाशिकमध्ये राहून हे मला सुचू नये याचं आश्चर्य वाटलं. शेवटी सोसायटीच्या मागच्या पेरूच्या फांद्या घेतल्या, घासून धुतल्या, चार दिवस उन्हात टाकल्या. बोटाएवढी एक, अंगठ्याएवढी एक, वेड्यावाकड्या, साल तशीच ठेवून. दोघांनी आठवड्यात सगळी साल सोलली.

मग कटलबोन. पेट शॉपमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात मिळतं ते, पण मेनरोडच्या बाजूच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात सहज विचारलं तर काकांनी बरणीतून काढून दिलं, "समुद्रफेस हवाय होय, कानाला?" म्हणजे आपल्या आज्या वापरायच्या तीच वस्तू! माकूळ माशासारख्याच एका प्राण्याच्या आतलं कवच असतं ते, कॅल्शियम मिळतं आणि चोच घासली पण जाते. दोघींनी तिघींनी विचारलं म्हणून सांगते, मऊ बाजू पक्ष्याकडे करून बांधायचं.

हे सगळं करूनही चिवड्याची चोच वाढतच होती. तेव्हा कुठे डॉक्टर. पहिल्या ठिकाणी सांगितलं आम्ही कुत्री-मांजरी बघतो, पक्षी नाही, दुसऱ्या ठिकाणीही तेच, तिसरे भेटले ते पक्षी बघणारे. त्यांनी चोचीकडे बघायच्या आधी चिवड्याला एका डब्यात घालून काट्यावर ठेवलं. ४९ ग्रॅम. मला वाटलं छान गुबगुबीत आहे. ते म्हणाले, "तुमचं वजन सत्तरच्या जागी नव्वद झालं तर छान म्हणाल का?" (माझं सत्तर नाही, असो.) मग विचारलं काय खातो. कांग, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया. भाजी? नाही खात. फळं? नाही खात. म्हणजे चार वर्षं नुसते दाणे, आणि त्यातले पण तेलकट बघून बघून.

मी उजेडात बघितलेलं ते गडद म्हणजे चोचीत साकळलेलं रक्त. लिव्हरवर चरबी चढली की बजीच्या चोचीची वाढ बिघडते, ती भराभर लांब होते, ठिसूळ होते आणि तिच्यात असे काळपट डाग येतात. सगळ्याच लांब चोचींचं कारण लिव्हर नसतं, मार लागून होतं, किड्याने होतं, जन्मापासून वरची-खालची जुळत नसेल तर होतं, पण नुसत्या दाण्यावर वाढलेल्या जाड्या बजीत पहिला संशय तिथेच. म्हणजे मी दोन महिने बाहेरून झिजवत होते आणि बिघाड आत होता. आणि नेलकटर मारलं असतं तर? चोच उभी चिरली असती किंवा रक्तवाहिनी तुटली असती. चाळीस ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त साधारण चार मिली, एक चमचाही नाही. त्यातले दहा-पंधरा थेंब गेले तरी धोका. (चुकून नख किंवा चोच तुटून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं आणि निघायचं, एवढं घरात करता येतं.) त्यांनी छोट्या फिरत्या कानशीने दोन मिनिटांत टोक घासून दिलं आणि म्हणाले, खाणं बदललं नाही तर परत वाढेल, मग दर महिन्याला या.

खाणं बदलणं हे लिहायला एक वाक्य आणि करायला अडीच महिने. दाणे एकदम बंद करायचे नाहीत, तो हट्टाने उपाशी बसेल. आम्ही सूर्यफूल बंद केलं, बाकीचे दाणे मोजून, सकाळी आधी भाजी मग दाणे. गाजर किसून दिलं, पायाने उडवलं. मेथी बघून पळाला, अक्षरशः. शेवटी कोथिंबीर जिंकली, बुधवारच्या बाजारातून गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदाकाठावरून, आणलेली जुडी ओली करून पिंजऱ्याला टांगली तर दोघं आधी तिच्यात अंघोळ करायला लागले आणि अंघोळ करता करता चोचीत पान गेलं. तिथून मेथी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा. सिन्नरच्या मावशीने बाजरीची हिरवी कणसं पाठवली तो तर सण होता. द्राक्ष अर्धं, धुऊन, कधीमधी, साखर असते त्यात. अवाकाडो आणि चॉकलेट कधीच नाही, विष आहे ते त्यांना.

त्याच व्हिजिटला निळूचं दुसरंच निघालं. तिच्या नाकावर तपकिरी पापुद्रे आलेले मी बघत होते आणि गप्प होते, कारण वाचलं होतं की मादी अंड्यावर येते तेव्हा नाक तपकिरी खरखरीत होतं, ते नॉर्मल. आणि ते खरंच नॉर्मल होतं. पण चोचीच्या कोपऱ्यात जी पांढरट-करडी बुरशीसारखी साय होती ती मी त्यातच धरली. डॉक्टरांनी भिंगातून दाखवलं, बारीक बारीक भोकं, मधमाशीचं पोळं असतं ना तसं. किडा, माइट, डोळ्याला न दिसणारा, चोचीत आणि कातडीत बोगदे करून राहतो, पायांवर पण येतो, दुर्लक्ष केलं तर चोच कायमची वाकडी करतो. मानेच्या मागे पिसं बाजूला करून औषधाचा थेंब, दोन आठवड्यांनी परत, दोन्ही पक्ष्यांना, चिवड्याला काही दिसत नसलं तरी. माणसांना होत नाही. डोस वजनावर असतो आणि वजन इतकं कमी की अंदाजपंचे दिलं तर औषधानेच जाईल, म्हणून गुरांचं औषध आणून घरी देऊ नका, असे मेसेज ग्रुपवर फिरतात. खोबरेल तेल फासायचा सल्लाही मिळाला होता, पण तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात आणि ऊब जाते, नाशिकच्या थंडीत तर नकोच.

आणि एक, हे उलट्या बाजूने. मादीचं नाक तपकिरी होणं चालतं, पण निळ्या नाकाच्या मोठ्या नराचं नाक तपकिरी व्हायला लागलं तर थांबू नका, वृषणात गाठ असली की हार्मोन बिघडून तसं होतं. चोचीवरचे पातळ पापुद्रे थोडे सुटणं साधं आहे. मे महिन्यात दुपारी पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी ठेवणं उन्हाचं आहे, सावलीत घ्या. थंडावा असताना चोच उघडी आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली, ते मात्र छातीचं, लगेच पळा. पिल्लं काढणाऱ्यांसाठी, खोक्यात घाण साचू देऊ नका, पिल्लाच्या वरच्या चोचीच्या आत अन्न चिकटून वाळलं की वरची चोच खालच्याच्या आत वळते आणि तशीच वाढते. ओल्या कापसाने रोज पुसलं तर वाचतं, ही गोष्ट मला नाशिकरोडच्या एका जुन्या पक्षीवाल्या काकांनी सांगितली आणि नंतर डॉक्टरांनी पण मान डोलावली.

आता दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन. तीनशे रुपयांच्या प्लास्टिकच्या डब्यात कांगेचं एक कणीस ठेवलं की दोघं आपणहून आत जातात. चिवडा परवा ४१ वर आला, चोचीतले काळे डाग टोकाकडे सरकत सरकत झिजून गेलेत, एक राहिलाय टाचणीच्या डोक्याएवढा. निळूचा कोपरा साफ आहे, फक्त वरच्या चोचीची एक कड थोडी खरबरीत राहिली ती राहिली. वजनाचा तक्ता मी फ्रिजवर लावला होता, सहा महिन्यांचा, तारखांसकट. ऑगस्टपर्यंतचा भाग निळूने कातरून नेला, त्यामुळे नक्की कुठल्या आठवड्यात ४५ च्या खाली आला ते आता सांगता येणार नाही.